भारांकांच्या आडून निर्णय नको

अनेक उद्दिष्टे एकमेकांच्या आड येत असतील तेव्हा निर्णय कसा घ्यायचा, या प्रश्नाला आपल्याकडच्या नियोजनाच्या वर्तुळात एक ठरलेले उत्तर आहे. प्रत्येक उद्दिष्टाला भारांक द्या. खर्चाला चाळीस, सुरक्षिततेला तीस, वेळेला वीस, पर्यावरणाला दहा. गुणाकार करा, बेरीज घ्या, पहिला आलेला पर्याय स्वीकारा. सल्लागारांचे अहवाल, निविदांची छाननी, संस्थांची क्रमवारी, सगळीकडे हीच रीत. कोणी सुचवले की भारांक आधी ठरवू नका, निर्णय घेणाऱ्यालाच संगणकासमोर बसवा, एक उत्तर दाखवा, त्यात काय खुपते ते विचारा, ते सुधारायचे तर कशावर पाणी सोडायला तयार आहात तेही विचारा आणि मग पुढचे उत्तर काढा, की लगेच हरकत येते: मग यात शास्त्र कुठे राहिले? माणूस मध्ये आला की आवडनिवड आली, वशिला आला, लहर आली. गणिताने उत्तर द्यावे आणि माणसाने त्याखाली सही करावी.

ही हरकत जाणकार माणसे मनापासून घेतात, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे सरळ आहे. भारांकांच्या पद्धतीतही निर्णय माणूसच घेतो. तो अशा वेळी घेतो की त्याला अजून काहीच दिसलेले नसते, आणि नंतर तो निर्णय आपला होता हे कबूल करण्याची वेळही त्याच्यावर येत नाही. वर सुचवलेल्या, माणसाला विचारत पुढे जाणाऱ्या संवादी पद्धती हा आडोसा काढून घेतात. त्यांच्यावरचा खरा राग तिथून येतो, असे मला वाटते.

मुळात चाळीस आणि तीस हे आकडे येतात कुठून? चार जण टेबलाभोवती बसतात आणि खर्चाला थोडे जास्त धरू म्हणतात. निसर्गाचा कोणताही नियम तिथे हजर नसतो. शिवाय त्या आकड्यांचा अर्थ काय, हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. समजा हाताशी असलेल्या सगळ्या पर्यायांचा खर्च १०० ते १०२ कोटींच्या आत आहे, आणि अपघातांची अपेक्षित संख्या मात्र वर्षाला एकपासून पन्नासपर्यंत जाते. अशा वेळी खर्चाला चाळीस आणि सुरक्षिततेला तीस याचा अर्थ होतो की दोन कोटींचा फरक एकोणपन्नास अपघातांपेक्षा मोठा. खोलीतल्या चौघांपैकी एकालाही असे म्हणायचे नव्हते. पण सर्व उद्दिष्टे शून्य ते शंभरच्या मापात बसवून बेरीज केली की कागदावर तेच म्हटले जाते. पर्यायांची व्याप्ती कळल्याशिवाय भारांकाला अर्थच नसतो, आणि ती व्याप्ती गणित चालवल्यावर कळते. म्हणजे ज्या माहितीवर भारांक उभे राहायला हवेत, ती माहिती भारांक ठरून गेल्यावर हाती येते.

यापुढची अडचण आणखी गंभीर आहे आणि तिला कोणाचा हेतू जबाबदार नाही. एका धरणाच्या विसर्गाचे तीन पर्याय घ्या. दोन दोष मोजायचे आहेत, पुराचा धोका आणि उन्हाळ्यातला तुटवडा. दोन्ही शून्य ते दहा, जितके कमी तितके बरे. पहिल्या पर्यायात पुराचा धोका शून्य, तुटवडा दहा. तिसऱ्यात नेमके उलटे, धोका दहा आणि तुटवडा शून्य. दुसऱ्यात दोन्ही सहा. कोणताही समंजस अधिकारी दुसऱ्या पर्यायावर निदान विचार तरी करील. आता भारांक लावून पाहा. समसमान लावले तर पहिल्याची आणि तिसऱ्याची बेरीज पाच येते, दुसऱ्याची सहा. पुराला साठ टक्के दिले तर पहिल्याची चार होते, दुसऱ्याची सहाच राहते. हवे ते भारांक घ्या, दोन टोकांपैकी एकाची बेरीज पाच किंवा त्याहून कमी येणारच आणि मधला पर्याय कायम हरणार. तो वाईट आहे म्हणून हरत नाही, कारण दोन्ही बाबतींत त्याहून सरस असा पर्याय यादीत नाहीच. बेरजेच्या पद्धतीला तो दिसतच नाही, म्हणून हरतो. इंद्रनील दास आणि जॉन डेनिस यांनी १९९७ साली हे व्यवस्थित मांडून दाखवले, आणि त्यासोबत हेही की भारांक समान अंतराने बदलत नेले तरी मिळणारी उत्तरे समान अंतरावर पडत नाहीत. ती एखाद्या कोपऱ्यात गर्दी करतात आणि मधला मोठा भाग कोरा राहतो. पंप चालू किंवा बंद, बस पूर्ण एक किंवा शून्य, असे तुटक निर्णय जिथे असतात तिथे हे वारंवार घडते. आपल्या सार्वजनिक कामांत तसे निर्णयच जास्त.

पोलंडचे आंद्झेई विएझबित्स्की यांनी ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबुर्ग इथल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करताना १९८० साली वेगळी वाट दाखवली. माणसाला भारांक विचारू नका, त्याला काय मिळाले तर चालेल ते विचारा. वरच्या उदाहरणात तो म्हणाला की पुराचा धोका सातच्या आत हवा आणि तुटवडाही सातच्या आत हवा, तर यंत्र प्रत्येक पर्याय या अपेक्षेपासून सर्वांत जास्त कुठे ढळतो ते पाहते. दोन्ही टोके तीनने ढळतात, मधला पर्याय दोन्हीकडे अपेक्षेपेक्षा एकने बरा निघतो. जो पर्याय बेरजेला सात जन्मांत सापडला नसता, तो एका साध्या प्रश्नाने हाती आला. या पद्धतीतही गणित काटेकोर आहे. फरक एवढाच की त्या गणिताला माणसाच्या तोंडून निघणारी गोष्ट कळते. मुख्य अभियंता 'तुटवड्याचा भारांक शून्य पूर्णांक सदतीस' असे कधी म्हणत नाही. 'मेअखेर एवढे पाणी उरलेच पाहिजे' असे म्हणतो.

हरकत घेणाऱ्यांची एक समजूत असते की माणसाच्या मनात पसंती आधीच तयार असते, फक्त ती मोजून घ्यायची. भाड्याचे घर शोधणारे कोणतेही कुटुंब पाहा. निघताना ठरलेले असते की भाडे इतकेच आणि स्टेशन इतकेच जवळ. चार घरे पाहिल्यावर कळते की त्या भाड्यात त्या अंतरावर मिळणाऱ्या घरात ऊनच येत नाही, आणि मग ऊन हेही उद्दिष्ट होते. काय शक्य आहे ते कळत जाते तसतसे काय हवे तेही ठरत जाते. यात लहरीपणा नाही, शिकणे आहे. जी पद्धत या शिकण्याला जागाच देत नाही, तिला मी अधिक शास्त्रीय म्हणायला तयार नाही.

आणि संवादी पद्धतींनी स्वतःची परीक्षा घेतलेली नाही असेही कोणी समजू नये. १९७१ साली तीन फ्रेंच संशोधक आणि सोव्हिएत संघाचे ओलेग लारिचेव्ह यांनी मिळून 'स्टेम' ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी आर्थर जॉफ्रियन, जेम्स डायर आणि ए. फाइनबर्ग यांनी विद्यापीठाच्या एका विभागाचे कामकाज कसे बेतायचे या प्रश्नावर आपली पद्धत चालवून दाखवली. त्यांची पद्धत माणसाला विचारी की या उद्दिष्टाचा एक घटक सोडायचा तर त्या उद्दिष्टाचे किती घटक हवेत. १९७५ मध्ये फिनलंडच्या युर्की वॉलेनियस यांनी खऱ्या माणसांना बसवून या पद्धतींची तुलना केली आणि असे प्रश्न लोकांना जड जातात हे उघड झाले. म्हणून पुढच्या पिढीने प्रश्नच सोपे केले. युवास्क्युला विद्यापीठात कायसा मिएत्तिनेन आणि मार्को माकेला यांनी घडवलेल्या 'निंबस' पद्धतीत आकड्यांची अदलाबदल विचारतच नाहीत. समोर एक उत्तर असते आणि प्रत्येक उद्दिष्टाला एक खूण करायची असते: हे सुधारायलाच हवे, हे अमुक पातळीपर्यंत सुधारले तरी पुरे, हे आहे तसे ठीक, हे अमुक मर्यादेपर्यंत बिघडले तरी चालेल, याचे काहीही झाले तरी चालेल. एक नियम मात्र मोडता येत नाही. काहीतरी सुधारायचे तर दुसरे काहीतरी बिघडू द्यावे लागते. सगळेच सुधारा, असे तिथे म्हणताच येत नाही. ज्या प्रशासनात एकाच पानावर सर्व उद्दिष्टांना सर्वोच्च प्राधान्य दिले जाते, तिथे एवढी एक शिस्त आली तरी मी तिचे स्वागत करीन.

आता रुग्णालयात या. कारण या वादाचा निकाल मला जिथे सर्वांत स्पष्ट दिसतो ती जागा म्हणजे कर्करोगाच्या रेडिएशनची आखणी. डोके आणि मान यांच्या कर्करोगात गाठीला पुरेशी मात्रा पोचली पाहिजे. पण शेजारीच कानाखालच्या लाळग्रंथी असतात. त्यांना मिळणारी सरासरी मात्रा पंचवीस-सव्वीस ग्रेच्या वर गेली की लाळ आटण्याचा धोका वाढतो, आणि रुग्णाला पुढे वर्षानुवर्षे कोरड्या तोंडाने भाकरीचा घास गिळावा लागतो. गिळण्याचे स्नायू आहेत, जबडा आहे. एकाला वाचवायला जावे तर किरण दुसऱ्यावर जातात किंवा गाठीच्या कडेला मात्रा कमी पडते. जुनी रीत भारांकांची. भौतिकतज्ज्ञ प्रत्येक अवयवाला भारांक देई, संगणक आराखडा काढी, डॉक्टर पाहून सांगत की डाव्या लाळग्रंथीला फार लागते आहे, मग भौतिकतज्ज्ञ भारांक बदलून पुन्हा यंत्र चालवी. भारांक किती बदलला म्हणजे लाळग्रंथीची मात्रा किती उतरेल, याचा अंदाज कोणालाच नसे. म्हणजे संवाद इथेही चालूच होता, पण आंधळेपणाने आणि तासातासाच्या खंडाने.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या फ्राउनहोफर संस्थेत आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात यावर जे उत्तर निघाले, त्याचा आधार एक साधी गोष्ट आहे: अवयवाला मिळणाऱ्या मात्रा बेरजेने चालतात. आधी काढून ठेवलेल्या काही आराखड्यांचे मिश्रण केले तर त्या मिश्रणाची मात्रा तत्काळ कळते, यंत्र पुन्हा चालवावे लागत नाही. त्यामुळे पडद्यावर प्रत्येक उद्दिष्टासाठी एक सरकपट्टी ठेवता येते. लाळग्रंथीची पट्टी डावीकडे ओढली की तिची मात्रा उतरते आणि त्याच क्षणी गाठीची किंवा जबड्याची पट्टी आपोआप उजवीकडे सरकते. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत कळते की दोन ग्रे वाचवायला काय मोजावे लागते आहे. एखादी पट्टी जागीच अडकवून ठेवता येते, म्हणजे यापुढे याच्याशी तडजोड नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची मर्यादा तर सहसा पट्टीवर येतच नाही, ती बंधन म्हणून बाहेर पक्की असते. सगळेच वाटाघाटीला काढले, हा आरोप इथे लागू पडत नाही.

डेव्हिड क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली बोस्टनच्या त्याच रुग्णालयातल्या दहा रुग्णांचे आराखडे दोन्ही रीतींनी करून पाहिले. रूढ पद्धतीने सरासरी १३५ मिनिटे लागली, नव्या पद्धतीने १२. तीन आठवड्यांनी, कोणता आराखडा कोणत्या पद्धतीचा हे न सांगता, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच ते दाखवले. दहाही वेळा त्यांनी संवादी पद्धतीचा आराखडा सरस ठरवला. रुग्ण दहाच होते आणि रुग्णालय एकच, हे मी विसरत नाही. पण त्या अभ्यासातला एक आकडा मला या सगळ्याहून मोलाचा वाटतो. डॉक्टरांचा स्वतःचा वेळ वाढला, ४.८ मिनिटांवरून ८.६ मिनिटांवर. एकूण वेळ अकरा पटींनी घटला आणि ज्याने निर्णय घ्यायचा त्याचा सहभाग जवळजवळ दुप्पट झाला. माणसाला मध्ये आणले की काम रेंगाळते, या समजुतीच्या नेमके उलट. पुढे ही रीत बाजारातल्या आराखडा-प्रणालींत आली आणि आज रोजच्या कामात वापरली जाते.

इथे दुसऱ्या बाजूने एक हुशार आक्षेप येतो. भारांक नकोत, मान्य. पण संवाद तरी कशाला? संगणक आता इतके वेगवान आहेत की सगळ्या चांगल्या तडजोडी एकदमच काढा आणि पसरून ठेवा, ज्याला जी हवी ती त्याने उचलावी. हा आक्षेप भारताच्या जवळचा आहे, कारण अशा तडजोडींचा संपूर्ण पट काढण्याचे जगात सर्वाधिक वापरले गेलेले साधन, 'एनएसजीए-२', कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये घडवले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाचा दबदबा आजही आहे. दोन किंवा तीन उद्दिष्टे असतील तर पट काढून ठेवणे उत्तमच, तिथे माझा वाद नाही. पण उद्दिष्टे वाढली की हिशेब फिरतो. दोन उद्दिष्टांतल्या चांगल्या तडजोडींची सीमा दहा ठिपक्यांत समजते. तेवढ्याच बारकाईने पाच उद्दिष्टांची सीमा मांडायला दहा हजार ठिपके लागतात, दहा उद्दिष्टांना शंभर कोटी. शिवाय वाईट पर्याय गाळणारी चाळणीच निकामी होते. उद्दिष्टे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर यदृच्छेने उचललेल्या दोन पर्यायांपैकी एक दुसऱ्याहून सर्वच बाबतींत सरस असण्याची शक्यता दोन उद्दिष्टांना निम्मी असते आणि दहा उद्दिष्टांना ५१२ मध्ये एक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पर्याय 'चांगला' ठरतो आणि यंत्राला काही टाकूनच देता येत नाही. देब यांनी स्वतः २००६ मध्येच अपेक्षाबिंदू घेऊन चालणारी आवृत्ती मांडली, माणूस काय म्हणतो तिकडेच शोध नेणारी. पटाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि शंभर कोटी सोडा, पाचशे पर्याय कोणा मंत्र्यापुढे, डॉक्टरपुढे किंवा सरपंचापुढे ठेवले तर तो पहिल्या पानावरचा उचलील. याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

माणसाच्या मनाचे दोष आहेत, ते मी नाकारत नाही. जॉन ब्युकॅनन आणि जेम्स कॉर्नर यांनी १९९७ मध्ये दाखवले की काही संवादी पद्धतींत माणूस पहिल्या दिसलेल्या उत्तराला चिकटतो आणि शेवटचे उत्तर त्याच्याच आसपास राहते. हा आक्षेप खरा आहे आणि गंभीर आहे. माणूस दमतो, लवकर थांबतो, नुकसान नफ्याहून मोठे मानतो. पण यावरून निघते ते एवढेच की सुरुवात एकाच जागेवरून करू नये, दूरदूरच्या दोन-तीन ठिकाणांहून करावी, मागे फिरायची मुभा ठेवावी, आणि शेवटचे उत्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. यावरून भारांक आधी ठरवावेत असे मुळीच निघत नाही. भारांक ठरवणाऱ्या बैठकीतही हीच माणसे असतात, हाच थकवा असतो आणि पहिल्याने उच्चारलेल्या आकड्याला चिकटण्याची हीच सवय असते. तिथे ती पकडता येत नाही, एवढाच फरक.

वशिल्याचेही तसेच. ज्याला आधीच ठरलेले उत्तर काढायचे आहे, त्याला भारांकांएवढे सोयीचे साधन नाही. हवा तो पर्याय वर येईपर्यंत आकडे मागेपुढे सरकवायचे आणि शेवटचा तक्ता तेवढा जोडायचा. संवादी पद्धतीत प्रत्येक पायरीची नोंद उरते: या वेळी हे सुधारायला सांगितले, त्यासाठी हे बिघडू दिले. आणि सर्वच बाबतींत निकृष्ट असलेला पर्याय यंत्र पुढे येऊ देत नाही. अप्रामाणिक माणसाला कोणतेच गणित सुधारत नाही, पण इथे निदान त्याच्या पावलांचे ठसे राहतात.

उरतो तो आपल्याकडचा नेहमीचा शेवटचा बचाव: हे सगळे परदेशातल्या रुग्णालयांना ठीक, आपल्याकडे प्रश्न राजकीय असतात. म्हणूनच मी खडकवासल्याचे नाव घेतो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. त्यावर पुणे शहराचे पिणे, आणि कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती. पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीची बैठक भरते. रब्बीला किती आवर्तने, उन्हाळ्याला एक की दोन, शहराला किती राखून ठेवायचे, यावर तिथे आवाज चढतात. लोकप्रतिनिधी बोलतात, जलसंपदाचे अधिकारी बोलतात, महापालिका बोलते. संवाद तिथे आधीपासूनच आहे, आणि तो असायलाच हवा. तिथे नसतो तो प्रत्येक मागणीबरोबर पडद्यावर सरकणारा हिशेब. दुसरे उन्हाळी आवर्तन दिले तर जूनच्या मध्याला शहराकडे किती दिवसांचे पाणी उरते, पाऊस पंधरा दिवस लांबला तर किती, शहराची गळती थोडी कमी झाली तर टेलपर्यंत किती पोचते, हे तिथल्या तिथे दिसत नाही, म्हणून प्रत्येक बाजू आपापला आकडा घेऊन येते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा टिकतो. अशा बैठकीवर भारांक लादणे म्हणजे हा वाद बंद खोलीत नेऊन दोन सल्लागारांच्या हाती देणे.

शेतकऱ्यांना हे गणित झेपणार नाही, असेही ऐकू येते. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी अख्ख्या लाभक्षेत्राचे वाटप स्वतः चालवून दाखवले आहे. किती पाणी, किती पाळ्या, कोणत्या पिकाला, याचा हिशेब तिथले शेतकरीच करतात. फिनलंडमध्ये पाइयान्ने सरोवराची पातळी कशी राखावी यासाठी राइमो हामालाइनेन आणि सहकाऱ्यांनी अनेक पक्षांना एकत्र घेऊन तडजोड शोधण्याची चौकट उभी केली, तेव्हाही समोर वीज, पूर, मासेमारी आणि काठावरची वस्ती यांचे हितसंबंध होते. सोपे प्रश्न विचारणे हे पद्धतीचे काम आहे, आणि ती ते गेली पन्नास वर्षे शिकत आली आहे.

म्हणून मागणी अशी. समितीच्या बैठकीत साठ्याचे आणि मागणीचे प्रारूप पडद्यावर चालू असावे, प्रत्येक सूचनेची किंमत तिथेच दिसावी, आणि कोणते पर्याय पाहिले, काय सुधारायला सांगितले, काय सोडून दिले याची नोंद इतिवृत्तात जावी. इंदापूरच्या टेलच्या शेतकऱ्याला दुसरे उन्हाळी आवर्तन नाकारले गेले, तर ते शहराच्या किती दिवसांच्या पाण्यासाठी नाकारले आणि कोणी नाकारले, हे त्याला त्या इतिवृत्तात वाचता आले पाहिजे.